सापडलं की बसायचं

कुत्र्याला वस्तू आणायला शिकवणं फार अवघड नाही. चेंडू फेकला की ते पळतं, तोंडात धरतं, आणून देतं. बऱ्याच कुत्र्यांत हे उपजतच असतं. अवघड आहे ते पुढचं. वासावरून वस्तू शोधायची, तिच्यापर्यंत पोचायचं आणि मग तोंड न लावता तिच्याशेजारी बसून राहायचं, माणूस येईपर्यंत. माझ्या तांबीला मी हे शिकवलं. वस्तू होती सांबराचं गळून पडलेलं शिंग.

अमेरिकेत हा मोठा छंद आहे. तिथली हरणं हिवाळ्यात शिंगं टाकतात आणि लोक लॅब्रेडॉर घेऊन ती गोळा करायला रानात जातात. कुत्रं शिंग तोंडात धरून मालकाकडे आणतं. तिकडे बऱ्याच ठिकाणी याला परवानगी आहे, तरी कोलोरॅडोच्या पश्चिम भागात सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल या काळात शिंगं गोळा करायला बंदी असते. कारण हिवाळ्यानं खंगलेल्या जनावरांना त्या दिवसांत पळवलं तर ती मरू शकतात. त्या लोकांचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले. शिकवण्याच्या निम्म्या युक्त्या त्यांच्याच. शेवटची पायरी मात्र मला बदलावी लागली, आणि सगळा वेळ खाल्ला तो तिनंच.

आपल्याकडे सापडलेलं सांबरशिंग घरी आणता येत नाही. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाच्या व्याख्येतच जंगलातली शिंगं आणि हाडं येतात. अभयारण्यातून परवान्याशिवाय काही उचलायचं नसतं, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबरशिंगाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. तरी मागणी आहेच. जुन्या घरांत सहाणेवर उगाळायला सांबरशिंगाचा तुकडा ठेवलेला असायचा. छाती भरली की त्याचा लेप लावायचे. चाकूच्या मुठींसाठी, दिवाणखान्यात टांगायला, अजूनही गिऱ्हाईक मिळतं. बकऱ्या चारणाऱ्या पोराला शिंग सापडतं, कोणीतरी त्याच्या हातावर चार पैसे टेकवून ते घेऊन जातो, आणि सापडला तर अडकतो तो पोरगा. याची मला मनापासून चीड आहे. म्हणून शिंग उचलून आणणारं कुत्रं मला नको होतं.

मग शोधायचंच कशाला? आमचं वावर रावेर तालुक्यात, सातपुडा सुरू होतो तिथं. केळीचा बाग संपला की बांध, बांधापलीकडे नाला, नाल्यापलीकडे साग आणि अंजनाचं रान, आणि ते चढत चढत पाल गावाकडे जातं. यावल अभयारण्य तिकडेच, १९६९ साली जाहीर झालेलं, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचं. सांबर तिथं आहे, पण दिसत नाही. रात्री फिरणारं, माणसाच्या चाहुलीनं दगडासारखं थिजणारं जनावर. त्याचं असणं कळतं ते ठशांवरून, लेंड्यांवरून आणि शिंगावरून. शिंग मिळालं म्हणजे इथून वाढीचा नर गेला, हे पक्कं. ते उजवं की डावं, बुडाशी किती जाड, टोकं किती झिजलेली, यावरून एकच नर आहे की दोन, याचाही अंदाज बांधता येतो. आमच्या बीटच्या, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलपट्ट्याच्या, वनरक्षकांना हे हवं होतं. एकटा माणूस आणि केवढं तरी रान. त्यात सांबर शिंग टाकतं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी, नेमकी सागाची पानं गळून जमीन तपकिरी झालेली असते तेव्हा. दोन हातांवर पडलेलं शिंग माणसाला दिसत नाही.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगं म्हणजे भरीव हाड. ती गळतात आणि पुन्हा नवी येतात. नीलगाय, चिंकारा, गाई-म्हशी, बकऱ्या यांची शिंगं आतल्या हाडावर चढलेल्या टोपणासारखी, ती आयुष्यभर राहतात. त्यामुळे दोन्हींचा वासही वेगळा. माणसाला तो कळत नाही, कुत्र्याला कळतो, आणि आमचं सगळं काम या फरकावर उभं होतं.

तांबी गावठी आहे. तांबूस रंग, उभे कान, अंगावर चरबी नाही. लॅब्रेडॉर घ्या असं मला दोघातिघांनी सुचवलं. पण रावेर-जळगावकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना विचारा. पारा ४५च्या वर जातो, आणि जाड केसांचं वजनदार कुत्रं त्या उन्हात सकाळी नऊनंतर नुसतं धापा टाकतं. धापा टाकणारं कुत्रं हुंगू शकत नाही. तोंडानं हवा जात असताना नाकाचं काम अर्धं होतं. गावठी कुत्रं उन्हाला सरावलेलं असतं. त्याला चेंडूचं वेड मात्र नसतं, हे खरं. तांबीपुढे चेंडू टाकला तर ती माझ्याकडे बघत बसायची. तिला खेचाखेची आवडते, हे सुतळीच्या जाड गाठीवरून कळलं. ती गाठ आणि उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे, हेच आमचं बक्षीस ठरलं.

सुरुवात शिंगापासून केली नाही. शिंग माझ्याकडे नव्हतं आणि असायलाही नको होतं. पोळा झाल्यावर सुरुवात केली ती लवंगेवर. वासाचा शोध हा खेळ म्हणून जिथं कुत्र्यांना शिकवतात, तिथंही लवंगेचा वास वापरतात. कुंभाराकडून सारखी दिसणारी मातीची बोळकी आणली. एका बोळक्यात चिंधीत बांधलेल्या चार लवंगा, बाकीच्यांत नुसती चिंधी. माती वास धरून ठेवते, म्हणून लवंगेचं बोळकं कायम लवंगेचंच ठेवलं, त्याला खडूची खूण तळाला, तिला दिसणार नाही अशी.

तांबी ओळीनं हुंगत जायची. लवंगेच्या बोळक्यात नाक गेलं की मी ‘हां’ म्हणायचो आणि कलेजीचा तुकडा तिथेच, बोळक्याच्या तोंडाशी द्यायचो. हे ‘तिथेच’ फार महत्त्वाचं आहे. बक्षीस माझ्या खिशापाशी मिळालं तर कुत्रं वास सापडताच माझ्याकडे पळत येतं. वासापाशी मिळालं तर ते वासापाशी थांबतं. पुढे रानात जे हवं होतं, त्याचं बी इथं पडलं.

मग ‘हां’ म्हणायला मी उशीर लावू लागलो. तिनं नाक लावलं, मी गप्प. ती बोळक्याभोवती फिरली, मी गप्प. पंजानं ओढलं तर आमचा सालदार, म्हणजे सालानं ठेवलेला गडी, पुढे होऊन बोळकं उचलून घ्यायचा, खेळ बंद. एकदा ती वैतागून खाली बसली, नाक बोळक्याकडे, डोळे माझ्याकडे. त्या क्षणाला ‘हां’. दुसऱ्या दिवशी ती आपणहून बसली. बसायचा हुकूम मी कधी दिलाच नाही, आणि द्यायचाही नसतो. हुकमानं बसणारं कुत्रं हुकमाची वाट बघत राहतं, वासाची नाही.

आणखी एक गोष्ट या काळात पक्की केली. बोळकी मी मांडायचो नाही. सालदार चिमट्यानं मांडायचा, मी घराच्या मागे उभा. लवंग कुठं आहे हे मला माहीत असेल तर माझी मान, माझा श्वास, माझं पाऊल तिला सांगून टाकतं. कुत्री माणसाचा चेहरा वाचण्यात फार हुशार. मला माहीतच नसेल, तर तिला नाकावरच भरवसा ठेवावा लागतो. चिमटा यासाठी, की सालदाराच्या हाताचा वास फक्त खऱ्या बोळक्याला लागला तर ती लवंग सोडून त्याचा हात शोधत बसेल.

संक्रांतीनंतर खऱ्या शिंगाची पाळी आली. वनविभागाकडे नोंद असलेलं, पूर्वी ताब्यात घेतलेलं एक सांबरशिंग होतं. लेखी परवानगी घेतली. सराव व्हायचा तो त्यांच्याच आवारात, त्यांच्या माणसासमोर, आणि सराव संपला की शिंग पुन्हा कपाटात. जाणंयेणं भरपूर झालं, पण दुसरा सरळ मार्ग नव्हता आणि आडमार्ग मला नको होता.

आधी बोळक्याऐवजी घमेलं घेतलं. शिंगाजवळ लवंगेची चिंधी ठेवली, मग लवंगा कमी करत नेल्या, मग काढूनच टाकल्या. नवा वास तिनं फार लवकर उचलला. अमेरिकेत पिल्लाला आधी मऊ रबरी शिंग देतात, म्हणजे तोंडात धरताना टोक टोचून त्याच्या मनात भीती बसत नाही. आम्हाला त्याची गरजच पडली नाही, कारण तोंड लावायचंच नव्हतं. ती बुडाशी हुंगायची. शिंगाचं बूड, जिथून ते कवटीपासून सुटतं, तिथं एक खडबडीत गोल कड असते, आणि सगळ्यात जास्त वास तिथंच असतो.

खरी झटापट झाली ती हाडांशी. आमच्या शिवारात काय काय पडलेलं नसतं! मेलेल्या बैलाची हाडं, बकऱ्यांची शिंगं, म्हशीचं कवटीसकट डोकं. तांबीनं यातल्या प्रत्येकापाशी बसून दाखवलं तर वनरक्षक दुसऱ्या दिवशी फोन उचलणार नाहीत. म्हणून सांबरशिंगाच्या आजूबाजूला म्हशीचं शिंग, जुनं बैलाचं हाड आणि बकरीचं ताजं हाड ठेवायला लागलो. म्हशीच्या शिंगाकडे तिनं लक्ष दिलं नाही. बैलाच्या हाडाशी घुटमळली. बकरीचं हाड दिसताच शिकवणी गेली कुठल्या कुठे, ती ते घेऊन कुंपणाशी जाऊन बसली.

तेव्हा उंदराचे तारेचे पिंजरे कामाला आले. हाड पिंजऱ्यात, वास बाहेर, पण खाता येत नाही. ती पिंजऱ्याशी झगडायची, आम्ही काहीच बोलायचो नाही. ओरडायचं नाही, ओढायचं नाही. कंटाळून तिनं मान फिरवली आणि शिंगाकडे गेली की कलेजी, सुतळीची गाठ, सगळं एकदम. हाडापाशी काही मिळत नाही आणि शिंगापाशी सगळं मिळतं, एवढं तिच्या डोक्यात बसायला थंडीचे उरलेले दिवस लागले. पण एकदा बसलं ते बसलं. आज ती वाटेतल्या हाडाला नाक लावते आणि पुढे जाते.

वस्तीजवळ बकऱ्या घेऊन येणारे एक तडवी बाबा हे सगळं बघत असायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, “भाऊ, शिंग सापडलं तं हे कुत्री बसून काऊन राह्यते? आनत काऊन नाही?” मी म्हटलं, “बाबा, आणलं तर ते माझं होईल. ते माझं नाही.” बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी मला नाल्याकाठच्या दोन जागा दाखवल्या, जिथं सांबर अंग घासतं. झाडाची साल उतरलेली होती, खोडाला चिखल लागलेला होता. जी माहिती पैशानं मिळाली नसती ती अशी मिळाली.

होळीच्या सुमाराला वावरात काम सुरू केलं. इथं सगळं वाऱ्यावर असतं. धान्य उफणताना जसा वारा बघतो तसाच बघायचा: मूठभर बारीक माती सोडायची, ती जिकडे जाईल त्याच्या उलट दिशेनं कुत्र्याला न्यायचं. शिंगापासून वास वाऱ्यासोबत पसरत जातो, लांब जाईल तसा रुंद होतो. कुत्रं आडवं नागमोडी फिरतं, वासाच्या पट्ट्यात शिरलं की मान झटकन वळते, आणि तिथून ते पट्टा अरुंद करत मुळाशी येतं. तांबीची शेपटी आधी सांगते. हुंगताना ती लोंबत असते. वास लागला की ताठ होऊन बारीक हलायला लागते. पहाटे जमीन गार असते, दवामुळे वास खाली राहतो. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते आणि वास तिच्यासोबत उडून जातो. म्हणून उजाडल्यावर निघायचं आणि ऊन चटका देण्याआधी घरी. उजाडण्याआधी कधीच नाही. आमच्याकडे बिबट्या आहे, आणि बिबट्याला कुत्रं आवडतं.

गवतात ती दिसेनाशी होते, त्यासाठी गळ्यात घुंगरू बांधलं. चालतेय तोवर वाजतं. बसली की थांबतं. मग मी शेवटच्या आवाजाच्या दिशेनं जातो.

घरी आल्यावरचं काम कोणी सांगत नाही, पण ते टाळता येत नाही. पंजांच्या बेचक्यांत, कानांत, काखेत कुसळं बघायची. कुसळ कातडीत शिरलं की आत आत जातं आणि गळू होतं. गोचिडी काढायच्या. लसी वेळेवर, रेबीजची आणि डिस्टेंपरचीही. २०१८मध्ये गीरमध्ये सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा मुळात कुत्र्यांचा आजार. ज्याला जंगलाच्या कडेला कुत्रं पाळायचं आहे त्यानं ही लस चुकवू नये. आणि अभयारण्यात कुत्रं न्यायचं नाही, कितीही शिकलेलं असलं तरी. आम्ही फिरतो ते आमच्या आणि शेजाऱ्यांच्या वावरात, बांधांवर, नाल्याकाठी. त्यापलीकडच्या राखीव रानात जायचं झालं तर वनरक्षक सोबत असतात आणि ठरवतात ते.

पहिलं खरं शिंग नाल्याच्या वळणावर मिळालं. मोह वेचणाऱ्यांनी झाडाखालची पानं जाळलेली होती, खाली राख होती, आणि मला वाटलं आता इथं काही वास उरला नसेल. तांबी राखेतून शिंकत गेली, घाणेरीच्या झुडपामागे शिरली आणि घुंगरू थांबलं. मी वाकून पाहिलं तर ती पुढचे पाय जुळवून बसलेली, नाक जमिनीशी. तिच्यापुढे हातभराहून लांब शिंग. एका बाजूनं आगीनं काळं पडलेलं, दुसऱ्या बाजूनं गंजासारखं तपकिरी, टोकाला घासून घासून पांढरं. बुडाच्या कडेवर मोत्यांसारखे खडे. तीन फाट्यांपैकी मधला तुटलेला, आणि तुटल्याजागी ओळीनं बारीक समांतर चऱ्या. साळिंदराचे दात. साळिंदर रात्री येऊन शिंग कुरतडतं, त्याला त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस हवं असतं. रानात कोणी हात न लावलेलं शिंग असं हळूहळू रानातच जिरतं.

मी खाली बसलो आणि कलेजी दिली, तिथेच, शिंगाशेजारी. शिंगाला बोट लावलं नाही. फोटो काढला, बाजूला पट्टी ठेवून दुसरा काढला, जागेची नोंद मोबाईलमध्ये घेतली आणि वनरक्षकांना फोन केला. ते आले, मोजमाप घेतलं, डावं शिंग असं लिहिलं. पायवाट जवळ असल्यानं त्यांनी ते पंचनामा करून ताब्यात घेतलं. नंतर आत रानात, त्यांच्यासोबत असताना मिळालेलं एक जुनं, निम्मं कुरतडलेलं शिंग त्यांनी जागीच राहू दिलं. काय उचलायचं आणि काय ठेवायचं हा निर्णय त्यांचा.

उन्हाळ्याच्या शेवटी एक अनोळखी माणूस वस्तीवर आला. बाहेरगावचा, मोटारसायकलवर. कुत्रीचं नाव ऐकून आला होता. आधी पिल्लू मागितलं, मग तांबीच विकत मागितली, मग शिंगामागे अमुक देतो म्हणाला. मी त्याला पाणी दिलं, नाही म्हटलं, आणि तो गेल्यावर गाडीचा नंबर वनरक्षकांना कळवला. तेव्हापासून तिचं काम गावात कोणाला करून दाखवत नाही. शिंग कुठल्या नाल्याला मिळालं, कुठल्या वळणावर, हेही मी कुठं लिहीत नाही. इथंही लिहिलेलं नाही. शोधणारं नाक चांगल्या माणसाकडे आहे तोवर ठीक. तेच नाक उचलून आणायला शिकलं, तर एका उन्हाळ्यात अख्खा डोंगर साफ होऊ शकतो. बसण्याची पायरी मी इतकी घट्ट का केली, ते यावरून लक्षात यावं. उद्या तिला कोणी पळवून नेलं तरी ती शिंगापाशी बसेल, आणून देणार नाही.

सध्या पावसाळा आहे, गवत छातीएवढं, शोध बंद. पण सराव बंद ठेवला तर कुत्रं विसरतं, म्हणून ओसरीवर लवंगेची बोळकी चालू आहेत, आणि महिन्याकाठी वनविभागाच्या आवारात खऱ्या शिंगावर एक फेरी. चितळाचं शिंग तिला अजून नीट ओळखू येत नाही. ते बारीक असतं, आणि चितळ वर्षभरात केव्हाही शिंग टाकतं, त्यामुळे त्याला सांबरासारखा ठरलेला हंगाम नाही. पुढची शिकवणी त्याचीच. सातपुड्याच्या कडेला राहणाऱ्या कोणाला आपल्या कुत्र्याला हे शिकवायचं असेल तर आधी आपल्या बीटच्या वनरक्षकांना जाऊन भेटा, कुत्र्याला लसी द्या, आणि कुंभाराकडून बोळकी आणा. शिंगाचं काम त्यानंतरचं.